पदवी घरांत आली, विचार दारांत राहिला

(एका विद्यार्थी-वसतिगृहाच्या वार्षिक संमेलनांत झालेलें भाषण. वक्त्यांनीं तें स्वतः लिहून दिल्यावरून येथें सबंध देत आहों.)



आपल्या चालकांनीं मला पत्र धाडलें, त्यांत 'शिक्षण व तत्त्वज्ञान यांचा माणसाच्या जीवनावर होणारा परिणाम' असा विषय घातला होता. तो वाचून मी खरोखर दचकलों. तत्त्वज्ञान म्हटलें कीं आपणां नांगरधाऱ्यांच्या मुलांना वाटतें, हें कोणा शालजोडी पांघरलेल्या शास्त्रीबुवांचें काम; आपला त्याशीं संबंध काय? पण चार दिवस विचार केल्यावर मला दिसून आलें कीं, ज्याला आपण लांबून नमस्कार करितों तें तत्त्वज्ञान आपल्या चुलीपाशीं रोज बसलेलें असतें. बैल मेला, पीक बुडालें, पोर तापानें गेलें, आणि घरचा कर्ता कपाळाला हात लावून 'नशीब' एवढेंच म्हणाला, म्हणजे एक सबंध दर्शन त्यानें एका शब्दांत सांगितलें. मागच्या जन्मीं पाप केलें, तें या जन्मीं फेडावें, वरच्यानें वर बसावें, खालच्यानें खालीं, विचारूं नये. हें त्याला कोणत्या शाळेंत शिकविलें? सरकारी शाळेंत तर तो गेलाच नाहीं. पाळण्यापासून सरणापर्यंत चालणारी दुसरी एक शाळा आपल्याकडे आहे. तिला फी नाहीं, सुटी नाहीं, मास्तरांची बदली नाहीं. अलीकडे तर ती मोबाईलमध्येंहि भरते, आणि सकाळीं दांत घासण्यापूर्वीं आजचें राशिभविष्य सांगून मोकळी होते. तेव्हां बिनतत्त्वज्ञानाचा मनुष्य सांपडणें कठीण. विचारावयाचें तें एवढेंच कीं, तें त्याला कोणीं शिकविलें, आणि त्यापासून लाभ कोणाचा झाला.

दुसऱ्याच्या घराचे वासे मोजण्याआधीं आपले मोजावे, म्हणून आधीं माझ्या घरची हकीकत सांगतों.

माझे आजे निरक्षर होते. खतपत्रावर त्यांचा डाव्या हाताचा अंगठा आहे. अडीच एकर कोरडवाहू जमीन, एक बैल घरचा व एक वाटेकऱ्याचा, असा संसार. आमच्या गांवीं तेव्हां 'दीनमित्र' येत असे. मुकुंदराव पाटलांनीं १९१० सालापासून तें पत्र चालविलें, आणि तें निघे कोठून, तर तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांतील तरवडी या खेड्यांतून. पुण्यामुंबईच्या विद्वानांस खेड्यांतला माणूस पत्र काढतो याचेंच नवल वाटे. आमच्या गांवांत एकच अंक येई. चावडीच्या पायरीवर शाळेंतला एक पोरगा तो मोठ्यानें वाची, आणि भोंवतीं दहा-पंधरा कुणबी, माळी, धनगर तंबाखू मळीत ऐकत. कधीं सत्यशोधकांचा जलसा येई. त्यांतील प्रश्नोत्तरें आज्यांना तोंडपाठ होतीं. एवढीच त्यांची विद्या.

या माणसानें १९३३ सालीं आपल्या मुलीचें, म्हणजे माझ्या आत्याचें, लग्न भटजीवांचून लाविलें. मुहूर्त पाहिला नाहीं. ज्या दिवशीं शेतीच्या कामाला उसंत होती तो दिवस धरला. गांवानें दोन महिने वाळीत टाकलें. न्हाव्यानें दाढीला हात लावला नाहीं, सुतारानें मोडलेली मोट तशीच पडूं दिली. आजी घाबरून गेली कीं, संस्कृत मंत्रांशिवाय लागलेलें लग्न देवाला पोंचेल कसें? आज्यांचें उत्तर आमच्या घरांत अजून सांगतात. ते म्हणाले, "देवाला आपली बोली कळत नसंल, तर त्यो आपला देव कशावरनं?"

आतां माझें ऐका. मी बी. ए., बी. एड. होऊन एका हायस्कुलाचा हेडमास्तर झालों. माझा मुलगा इंजिनिअर झाला. १९९१ सालीं त्याचें लग्न ठरलें तेव्हां मीं पत्रिका जुळवून घेतल्या, मुहूर्त काढविला, एकाच्या जागीं दोन भटजी आणिले, आणि मुलीकडच्यांनीं 'आपखुशीनें' दिलेली एक स्कूटर व दहा तोळे सोनें घरांत घेतलें. हुंड्याला बंदी करणारा कायदा १९६१ सालीं झालेला आहे. तो मला ठाऊक नव्हता असें म्हणण्याची सोय नाहीं, कारण शाळेंत नागरिकशास्त्राचा तास माझ्याकडेच होता.

आत्या त्या लग्नाला आली होती. सत्तरी उलटलेली, पाठींत वाकलेली. मांडवांत कांहीं बोलली नाहीं. रात्रीं पाहुण्यांची उठबस संपल्यावर मला जवळ बसवून म्हणाली, "आरं बाळ, माझ्या बाला एक आक्षार येत नव्हतं, पर त्यो कुणाला भ्याला न्हाई. तू तर एवढीं बुकं वाचलीस. मग तुला भ्यायला कुणी शिकवलं रं?"

बंधुभगिनींनो, या प्रश्नाला आज तीस वर्षांहून अधिक काळ झाला. मी पेन्शनीत निघालों, आत्याहि गेली. प्रश्न माझ्या उशाशीं आहे.

त्याचें उत्तर शोधतांना मला जोतीराव फुल्यांच्या तरुणपणची गोष्ट पुनः पुनः आठवते. आपण त्यांची तसबीर भिंतीवर लावितों, हार घालितों, आणि तेवढ्यानें मोकळे होतों. म्हणून जरा विस्तारानें सांगतों. जोतीरावांचा जन्म १८२७ चा. बाप गोविंदराव, धंदा फुलें-भाजीचा. मुलाला शाळेंतून काढून त्यांनीं मळ्यांत कामाला लाविलें होतें. शेजारचे गफार बेग मुनशी आणि लिजिटसाहेब या दोघांनीं गोविंदरावांची समजूत घातली, आणि १८४१ सालीं पोर पुन्हां शाळेंत, स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेंत, बसलें. पहा, एक मुसलमान, एक ख्रिस्ती, आणि त्यांच्यामुळें एका माळ्याच्या मुलाची विद्या वांचली. १८४७ च्या सुमारास त्यांनीं आपल्या मित्रांबरोबर टॉमस पेन याचें मनुष्याच्या हक्कांवरील पुस्तक वाचलें.

हा पेन कोण? इंग्लंडांतील थेटफर्ड गांवच्या, बायकांचीं तंग कांचोळीं शिवणाऱ्या एका कारागिराचा मुलगा. तेराव्या वर्षाच्या आंतबाहेर त्याची शाळा सुटली. त्याचें पुस्तक १७९१ व १७९२ सालीं दोन भागांत निघालें, आणि त्याबद्दल इंग्लंडच्या सरकारनें त्याच्यावर खटला भरून तो फ्रान्सांत असतांना त्याच्या पाठीमागें त्याला दोषी ठरविलें. पुस्तकांत असें होतें तरी काय? बर्क नांवाच्या मोठ्या वक्त्याचें म्हणणें, पूर्वजांनीं करून ठेविलेली राज्याची घडी पुढच्या सर्व पिढ्यांनीं मानलीच पाहिजे. पेन विचारतो, मेलेल्यांना जिवंतांवर राज्य करण्याचा हक्क दिला कोणीं? प्रत्येक पिढी आपल्या पुरती स्वतंत्र आहे. माणूस जन्माला येतो तोच हक्क घेऊन येतो. आणि गणिताचें ज्ञान जसें बापाकडून मुलाकडे वारसानें जात नाहीं, तसा कायदा करण्याचा शहाणपणाहि जात नाहीं. हें त्यानें राजे आणि सरदार यांना उद्देशून लिहिलें. पुण्याच्या एका खोलींत तें वाचणाऱ्या वीस वर्षांच्या माळ्याच्या पोराला 'राजा' या शब्दाच्या ठिकाणीं कोणता शब्द दिसला असेल, हें मीं सांगावयास नको. मनूला मरून किती शतकें झालीं!

पुढच्याच वर्षीं, १८४८ सालीं, एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातींतून 'शूद्र असून आमच्या बरोबरीनें चालतोस?' म्हणून त्यांना अपमान करून घालविलें, हें आपणां सर्वांस माहीत आहे. मला त्या रात्रीचें घरांतलें बोलणें अधिक महत्त्वाचें वाटतें. मुलगा रडत घरीं आला. चरित्रकार सांगतात कीं, बापानें समजूत घातली: रीतच अशी आहे, पेशवाई असती तर याहून भारी शिक्षा झाली असती, एवढ्यावर सुटलास हें बरें. गोविंदरावांना मी दोष देत नाहीं. जें पाहिलें तेंच त्यांनीं सांगितलें, आणि तें प्रेमानें सांगितलें. परंतु घर एक, जात एक, अपमान एक असतां बापाच्या तोंडीं त्याला नांव आलें 'रीत', आणि मुलाच्या मनांत आलें 'अन्याय'. दोघांत अंतर पडलें तें त्या पुस्तकानें.

आणि अन्याय हें नांव एकदां दिल्यावर मनुष्याला स्वस्थ बसवत नाहीं. त्याच सालीं पुण्यांत भिड्यांच्या वाड्यांत मुलींची शाळा निघाली. वाडा ब्राह्मणाचा, तात्यासाहेब भिड्यांचा, हेंहि आपण विसरूं नये; आपलें भांडण भटशाहीशीं आहे, भल्या माणसाशीं नाहीं. सावित्रीबाईंना पतीनें घरीं शिकविलें आणि त्या शिक्षिका झाल्या. १८४९ सालीं दोघांना घर सोडावें लागलें. त्यांच्या शाळेंत शिकणाऱ्या मुक्ता नांवाच्या मांगाच्या मुलीचा निबंध १८५५ सालीं 'ज्ञानोदया'त छापला गेला. ज्या धर्माचा ग्रंथ आम्हांस पाहूंहि देत नाहींत, त्या धर्माचे आम्ही कसे, अशा अर्थाचा प्रश्न तिनें त्यांत केला आहे. मुक्ता त्या वेळीं चवदा वर्षांची होती. थोडींच वर्षें शाळेंत जाऊन तिनें जें विचारलें, तें विचारण्याचें धैर्य मला हेडमास्तर असतांना झालें नाहीं.

कोणी म्हणेल, ही सर्व इंग्रजी विद्येची करामत. तसें असतें तर फारच सोपें होतें. मिशनच्या आणि सरकारच्या शाळांतून त्या काळीं पुष्कळ शिकले. ते कारकून झाले, कांहीं मामलेदार झाले, पेन्शन घेऊन काशीला गेले, आणि परत आल्यावर गंगापूजन घातलें. बुकें तींच, मास्तर तेच. त्यांनीं विद्या बाहेरच्या खोलींत ठेविली आणि घरांत जुनेंच चालू दिलें. माझीहि जात याच मंडळींची, हें मीं वर कबूल केलेंच आहे.

म्हणूनच १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें साक्ष देतांना जोतीरावांनीं नुसत्या शाळा मागितल्या नाहींत. वरच्या वर्गाला शिकविलें म्हणजे विद्या आपोआप झिरपत खालच्यापर्यंत येईल, असें सरकारचें मत होतें. जोतीरावांनीं स्पष्ट सांगितलें कीं, पैसा रयतेच्या घामाचा, आणि खर्च होतो वरच्यांच्या मुलांवर. खालीं कांहींएक झिरपलेलें नाहीं. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना शिक्षण सक्तीचें करा, आणि शक्य तों शेतकरी वर्गांतलेच शिक्षक नेमा, अशी त्यांची मागणी होती. त्यांत काय शिकवावें तेंहि त्यांनीं सांगितलें: मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचें प्राथमिक ज्ञान, नीति आणि आरोग्य. सावकाराचा हिशेब ज्याला कळतो, आणि आपण कोण होतों हें ज्याला कळतें, असा कुणबी त्यांना पाहिजे होता. 'शेतकऱ्याचा असूड' तर त्यांनीं ठिकठिकाणच्या शेतकऱ्यांना बसवून वाचून दाखविला. ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांच्यासाठीं लिहावयाचें, आणि मग स्वतः जाऊन वाचावयाचें! माझे आजे चावडीच्या पायरीवर बसून शिकले ते याच परंपरेंत. त्यांना अक्षर आलें नाहीं, परंतु विचार आला. मला अक्षर आलें.

येथें मला कोणी चुकीचें समजूं नये. निरक्षर राहिलें तरी चालतें, असें मी सांगत नाहीं. पायरीवर वाचणारा तो एक पोरगा नसता तर माझे आजे 'नशीब' म्हणतच गेले असते.

सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३ रोजीं स्थापन झाला, आणि त्याच वर्षीं डिसेंबरांत पहिलें सत्यशोधक लग्न लागलें. भटजीची दक्षिणा वांचविण्याची ती युक्ति होती, असें विरोधक म्हणत आले. तें खोटें आहे. जोतीरावांनीं जी मंगलाष्टकें रचलीं त्यांत वधू मुकी उभी राहत नाहीं. स्त्रियांच्या हक्कांची गोष्ट ती सर्वांसमक्ष काढते, आणि वराला त्याबद्दल वचन द्यावें लागतें. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंस काय बोललें जातें आहे तें मांडवांतल्या शेवटच्या म्हातारीला कळतें. कोणाला न कळणाऱ्या भाषेंत जन्माचा करार करावयाचा, कीं कळणाऱ्या, हा मतभेद दक्षिणेच्या पैशांहून फार मोठा आहे. माझी आत्या निरक्षरच होती, पण आपण लग्नांत काय बोललों तें तिला मरेपर्यंत पाठ होतें. मुलाच्या लग्नांत भटजी काय बोलले तें मला त्या वेळींहि कळलें नाहीं.

आपल्या चळवळीचा एक दोषहि येथेंच बोलून टाकतों, कारण घरच्या सभेंत नाहीं बोलावयाचें तर कोठें? भटजीला नाकारणें आम्हांला पुष्कळ ठिकाणीं साधलें. आपल्या खालच्या पायरीवरच्या माणसाला पंगतीस बसविणें मात्र साधलें नाहीं. माझ्या आज्यांच्या त्या धीट लग्नांत महारवाड्यांतील मंडळी जेवलीं, पण वेगळ्या पंगतीला. तेथें आज्यांचाहि विचार थकला. चावडीच्या पायरीवर 'दीनमित्र' ऐकणाऱ्यांत मीं कुणबी, माळी, धनगर सांगितले. महार-मांग कां सांगितले नाहींत, हें आपल्या ध्यानांत आलें असेलच.

त्या दृष्टीनें दोन माणसें मला मोठीं वाटतात. एक कृष्णराव अर्जुन केळुसकर. जातीनें मराठे, पेशानें शाळामास्तर, शिवाजीमहाराजांचें विस्तृत मराठी चरित्र १९०६ सालीं लिहिणारे. मुंबईच्या चर्नी रोडच्या बागेंत वाचीत बसणाऱ्या एका महार विद्यार्थ्याशीं त्यांनीं ओळख केली, त्याच्या सत्काराच्या सभेंत आपलें बुद्धचरित्र त्याच्या हातीं ठेविलें, आणि पुढें बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे त्याच्यासाठीं शब्द टाकिला. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. तें पुस्तक वाचून आपण वडिलांना, बुद्धाचे ग्रंथ आम्हांला कां वाचावयास दिले नाहींत, असें विचारल्याचें बाबासाहेबांनीं स्वतः लिहून ठेविलें आहे. पुढें १९१३ सालीं ते अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठांत गेले. तेथें जॉन ड्युई हे त्यांचे गुरु. लोकशाही म्हणजे नुसती राज्य चालविण्याची पद्धत नसून एकमेकांशीं राहण्याची रीत आहे, असें शिकविणारे. १९३६ सालच्या जातिनिर्मूलनावरील भाषणांत, जें लाहोरच्या मंडळीनें त्यांना करूंच दिलें नाहीं, त्या गुरूचें ऋण त्यांनीं नमूद केलें. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास लाखों लोकांनीं धर्म बदलला. त्याचा एक धागा मुंबईच्या त्या बागेंतल्या बांकापर्यंत जातो. केळुसकर मास्तर तें पाहण्यास राहिले नाहींत. ते १९३४ सालींच वारले. मास्तर लोकांना आपल्या पेरणीचें पीक सहसा दिसत नाहीं. हेडमास्तर होतों म्हणून हें मला पक्कें ठाऊक आहे.

दुसरे कर्मवीर भाऊराव पाटील. कोल्हापुरास शिकत असतां अस्पृश्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले. परत आल्यावर स्नान करून मग भोजनास ये, असें त्यांच्या बोर्डिंगांत सांगण्यांत आलें. त्यांनीं स्नान केलें नाहीं, आणि बोर्डिंग सोडावें लागलें. एक बादली पाणी अंगावर घेतलें असतें तर सर्व कसें सुरळीत झालें असतें! मॅट्रिकची परीक्षा त्यांच्या हातून पार पडली नाहीं. पण त्यांनीं १९१९ सालीं, काले येथील सत्यशोधक परिषदेच्या वेळीं, रयत शिक्षण संस्था काढिली, साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीस बसविलें, आणि मुलांचें धान्य संपलें तेव्हां लक्ष्मीबाईंनीं अंगावरचें सोनें, मंगळसूत्रसुद्धां, काढून दिलें. आपलें हें वसतिगृह त्याच वाटेवरचें. येथें कोणत्या मुलाच्या ताटाशेजारीं कोणाचें ताट असावें असा प्रश्न निघत नाहीं, असें चालक मला म्हणाले. मीं स्वयंपाकघरांत जाऊन भाकऱ्या थापणाऱ्या मावशींनाहि विचारलें. त्या म्हणाल्या, खरं आहे. चालकांवर अविश्वास नव्हता, हेडमास्तराची खोड.

आपण पुष्कळजण स्पर्धा-परीक्षांचा अभ्यास करितां. जरूर करावा. पोटाची सोय आधीं, हें मला मान्य आहे. उपाशी माणसाला पेन सांगून काय उपयोग? सत्यशोधकांच्या लग्नाचें साल कोणतें, असाहि एखादा प्रश्न येईल, आणि त्याचा एक गुण मिळेल. पण नोकरी लागल्याबरोबर पहिलें पत्र लग्नाचें येतें, आणि मुलाचा भाव त्याच्या हुद्द्यावर ठरतो. शिपायाचा निराळा, तलाठ्याचा निराळा, फौजदाराचा तर विचारूंच नका. हा भाव तुमच्या शिक्षणाचा आहे. तें शिक्षण ज्या रयतेच्या पैशानें झालें, त्या रयतेंतल्याच एखाद्या मुलीच्या बापाकडून तो पुन्हां वसूल होतो, आणि त्यासाठीं तो अडीच एकरांपैकीं एक एकर विकतो. त्या वेळीं साल पाठ असून काय होणार? मीं तर कायदा पाठ असून स्कूटर घेतली.

ती गोष्ट अजून संपलेली नाहीं, म्हणून तीहि सांगतों. त्याच मुलाची मुलगी, माझी नात, आतां लग्नाची आहे. तिनें आत्याच्या लग्नाची हकीकत लहानपणापासून ऐकली आहे, आणि आपलें लग्न सत्यशोधक पद्धतीनें, देण्याघेण्यावांचून होईल असें तिनें घरांत सांगितलें आहे. मुलाकडचे राजी आहेत. राजी नाहीं तो माझा मुलगा. तो वाईट मनुष्य नव्हे. त्याला पाहुण्यांची भीति वाटते. ती मीच त्याला वारसाहक्कानें दिली. परवां तो मला म्हणाला, "आप्पा, माझ्या वेळीं तुम्ही कां नाहीं बोललांत? तेव्हां बोलला असतां तर मीहि ऐकलें असतें." याला मजजवळ उत्तर नव्हतें. मी नातीच्या बाजूनें उभा राहणार, एवढेंच मीं त्याला सांगितलें. तेव्हांपासून घरांत थोडा अबोला आहे. चहा मात्र वेळेवर मिळतो.

चालक घड्याळ दाखवीत आहेत. जेवणाच्या घंटेला अजून अर्धा तास आहे, आणि तो मीं प्रश्नांसाठीं राखून ठेविला आहे. पहिला प्रश्न मुलींच्या बाजूनें यावा. तो मला अडचणीचा असला तरी हरकत नाहीं. आत्याबाईंनीं तशी संवय लावून ठेविली आहे.